घासलेला रॉकर

गरम इंजिनाचा टॅपेट करायचा नाही, हे मी वडखळला उस्तादाच्या लाथा खाऊन शिकलो. हेडवर तळहात टेकवायचा, चटका बसला तर पाना खाली. इंजिन थंडगार झालं की झाकण उघडायचं आणि व्हॉल्व्हचा दांडा नि त्याला दाबणारा रॉकर यांच्या फटीत दाढीच्या ब्लेडचा तुकडा घालायचा. तो जरा अडखळत सरकला पाहिजे. फट जास्त राहिली तर इंजिन टकटक करतं, जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही नि जळतो. उस्ताद हे एकदाच सांगायचा. दुसऱ्यांदा पाना फेकून मारायचा. माझ्या डाव्या भुवईवर त्याची खूण आहे. मला त्याचा राग कधी आला नाही, उलट मी त्याचीच रीत उचलली. पुढे रोह्याला लागून वरसे, तिथे स्वतःचं गॅरेज टाकलं, तर माझ्या हाताखाली माणूस टिकेना.

माझी थोरली बहीण पेणच्या खाडीकडे दिली आहे. भावोजींचं मिठागर. बांधावरून ते मिठाच्या गोण्या बाईकवर लादून आणायचे, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बोंबलत. ती बाईक टकटकायला लागली तेव्हा ते माझ्याकडे आले. उघडून पाहिलं तर रॉकरच्या तोंडाला, जिथे तो फिरणाऱ्या कॅमवर घासतो तिथे, खड्डा पडलेला. नवा रॉकर मागवावा लागेल, दोन दिवस जातील, असं मी म्हटलं.

भावोजी स्टुलावर बसून पाय हलवत होते. म्हणाले, "तुला जमत नसंल तर ऱ्हाऊं दे. वडखळला नेतो. तुजा उस्ताद अजून हाय तिथं."

माझं डोकंच फिरलं. रॉकर उचलला आणि ग्राइंडरवर धरला. ठिणग्या उडाल्या, खड्डा गेला, तोंड गुळगुळीत झालं. रॉकरच्या तोंडाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो घासून काढला की खाली मऊ लोखंड राहतं आणि कॅम ते खाऊन टाकतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला त्या घटकेला फक्त या माणसाचं तोंड बंद करायचं होतं. बाईक चालू केली तर आवाज बंद. भावोजी "हां, बघ" म्हणाले आणि गेले.

महिन्याभरात टकटक परत आली. मी फट जुळवायचा स्क्रू आवळून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मग महिन्याभराने एका दुपारी दोघं आली. रोह्याजवळच्या अष्टमी गावात नात्यातला साखरपुडा होता, ताई नव्या साडीत मागे बसलेली. इंजिनाचा आवाज असा, जसं कुणी आत खडे टाकलेत. भावोजींनी गाडी स्टँडला लावली आणि शेजारच्या गिरणीवर दळणाला आलेल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन येला परत आलो. तीन येला! शिकलास का नुसत्या लाथाच खाल्ल्यास?"

इंजिन तापलेलं असतानाच मी झाकण उघडलं. रॉकरचं तोंड अर्धं खाल्लेलं. माझं काम मला पाहताक्षणी ओळखू आलं. कानशिलं तापली. तेवढ्यात बोटाला ऑइल लागलं, काळं, कचकचणारं. मी बोट वर धरलं आणि ओरडलो, "हे कुणी टाकलंय? असल्या ऑइलवर रॉकर राहील का?"

ताई म्हणाली, "मी टाकलं. आठ दिस झालं. कमी दिसलं म्हणून पंपाच्या डब्यातलं वतलं." मिठागरात खाडीचं पाणी ओढायचा पंप असतो, त्याच्या डब्यातलं जुनं तेल.

टकटक आठ दिवसांची नव्हती. दीड महिन्याची होती. हे एक वाक्य मी बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण गिरणीवरची माणसं बघत होती. मी म्हटलं, "झालं तर मग. रॉकर त्यानंच खाल्ला."

"अक्कल हाय का गो तुला?" भावोजी म्हणाले आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. ताई टायरांच्या ढिगावर आदळली. तिचा ओठ फुटला, रक्त साडीवर आलं.

पाना माझ्या हातातच होता. मी तो त्यांच्या उजव्या हातावर घातला, मग पुन्हा त्याच हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. त्यांनी डाव्या हाताने माझा गळा धरला. आम्ही दोघं बाईकवर कोसळलो. बाईक कलंडून त्यांच्या पायांवर पडली, सायलेन्सर पोटरीला चिकटला, कातडी जळाल्याचा वास आला. तरी मी छातीवर बसून मारतच होतो. "सोड रं, मरंल त्यो!" ताई माझे केस धरून ओढत होती. शेवटी गिरणीवाल्यांनी मला उचलून बाजूला फेकलं.

गावात माझं नाव झालं. पाठीराखा भाऊ म्हणून लोक चहा पाजायचे. मी प्यायचो.

चैत्रात मिठागरावर गेलो. भावोजी बांधावरच्या झोपडीत बसले होते, दोन बोटं वाकडीच जुळलेली, मूठ वळत नव्हती. उन्हात ताई एकटी मीठ ओढत होती. सगळा हंगाम तिनेच एकटीने ओढला होता. पाणी प्यायला आली तेव्हा मी तिचे पाय पाहिले. टाचांच्या भेगांत मीठ भरलेलं, कडा लाल, एका भेगेतून रक्त येत होतं. ती बसताना ओठ दाबून बसली. मला स्वतःची किळस आली.

मी दोघांच्या देखत सांगून टाकलं. रॉकर मी ग्राइंडरवर घासला होता. आधीपासून तोच झिजत होता. तुझ्या तेलाने काही झालं नाही. मला ते तेव्हाच माहीत होतं.

ताईने तांब्या खाली ठेवला. उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. मिठाने खरखरीत झालेला तो हात गालावर असा बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मान वर केली नाही. तिने दुसऱ्या गालावर मारली.

झोपडीतून भावोजी फिसकन हसले.

ताई तशीच वळली. "तुमी हासू नका," ती म्हणाली. "खोटं ह्यो बोलला. हात तुमचा व्हता."