करगोटा आणि डोक्यातली सूज

ये गं पोरी, अशी जवळ बस. उंबऱ्यात उभं राहून चहा पितात व्हय? माझ्या बहिणीनं एवढं तरी शिकवायचं लेकीला.

तुझ्या काकांना झटका आला तेव्हा तू लहान होतीस. शिरोलीच्या फौंड्रीतून आले, ताटावर बसले, आणि उजव्या हातातला घास तोंडाकडं जाईचना. वाचाही गेली. दवाखान्यात कळलं, मेंदूची शीर तुंबली. मग मेंदूला सूज चढायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "सलाईनमधून औषध चालू आहे. ते लागू पडतंय का, ते नव्या पद्धतीच्या एमआरआयत दिसेल. पाणी कुठं साठलंय, कुठं सरकतंय, ते त्यात कळतं. सूज वाढली असली, तर कवटी उघडावी लागेल."

मशीनच्या खोलीबाहेर अंगावरचं सगळं लोखंड काढायचं. यांच्या करगोट्यात, म्हणजे कमरेच्या काळ्या दोऱ्यात, कपाटाची किल्ली ओवलेली. गाठ घामानं दगड झालेली. नर्सनं कात्री काढली, तसा सासूबाईंनी तिचा हातच धरला.

"जित्या माणसाचा करगोटा तोडत्यात व्हय गं?"

"आजी, किल्ली आत चालत नाही. मशीन ओढून घेतं."

"मग मशीनला म्हणावं, जरा दम धर."

आमच्यात नवा बांधल्याशिवाय जुना काढत नाहीत. मी गेटबाहेर पळाले. काळा दोरा कुठं मिळेना. फुलवाल्या बाईनं हाराचा दोरा तोडून दिला, पांढरा. सासूबाई म्हणाल्या, "असूदे. कंबर मोकळी न्हाय ठेवायची." तो बांधला, मग जुना कापला, मग यांना आत नेलं.

माझं माहेर कबनूरचं, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले मी. पण त्या मशीनची धडधड ऐकवेना बघ.

डॉक्टरांनी आधीच्या सीटी स्कॅनची आणि ही नवी फिल्म शेजारी शेजारी उजेडात धरली. "सूज उतरायला लागलीय. औषध लागू पडलंय. कवटी उघडायला नको."

सासूबाईंनी हात जोडले. "मग बोलंल न्हवं माझं लेकरू?"

डॉक्टरांनी फिल्मवरच्या एका डागावर बोट ठेवलं. सूज गेली तरी एवढा भाग गेलेलाच, म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले.

तसंच झालं. जीव राहिला, शब्द गेले. आता सगळ्याला "हां" एवढंच. पण कळतं त्यांना सगळं. मघाशी तुझा आवाज आला तशी मान वळवली की त्यांनी. हे बोलत नाहीत म्हणून माणसं यायची थांबली, ते त्यांना फार लागतं. तू तसं करू नकोस. अशीच येत जा, आणि त्यांच्याजवळ बसून बोल. ते ऐकतात.