न बघता कसं सांगू

आरेकरणीला काहीही विचारा, ती पटकन उत्तर देत नसे. भाताचं बी असो की मुलीसाठी आलेलं स्थळ, एकच बोलणं: "न बघता कसं सांगू?" मग स्वतः जाऊन बघून यायची, आणि एकदा बोलली की शब्द फिरवत नसे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे मी मालगुंडजवळच्या एका गावात मास्तर होतो. तिच्या नवऱ्याला त्याच्याच चुलतभावानं, सोनूनं, बांधाच्या भांडणात कोयतीनं मारलं होतं. जन्मठेपेची चौदा वर्षं भरली की कैद्याचे कागद सुटकेचा विचार करणाऱ्या सरकारी मंडळापुढे जात, आणि त्याआधी गावाचं मत मागवलं जाई. सोनूचा तसा कागद आला : वागणूक चांगली, सोडल्यास मयताच्या घरच्यांची हरकत आहे काय? पोलीसपाटलांना लिहिता येत नसे, म्हणून मला बरोबर घेऊन ते तिच्याकडे गेले.

तिचा मुलगा विठू शिमग्याला मुंबईहून आला होता. "हरकत लिवा," तो म्हणाला. "सडूंदे तितंच."

आरेकरीण म्हणाली, "न बघता कसं सांगू?"

दुसऱ्याच दिवशी मी तिला रत्नागिरीच्या तुरुंगात नेलं. गजांपलीकडे सोनू आला. केस पांढरे, पाठीला पोक. तिनं एवढंच विचारलं, "मरताना ते काय बोलले?"

"पाणी मागितलान, वैनी."

"दिलंस?"

"नाय. पळालो."

परत येताना आम्ही खाडी ओलांडली. मग ती म्हणाली, "मास्तर, हरकत नाय म्हून लिवा. दिलं म्हनला असता तर कोन बघायला होतं?"

मी जबाब लिहिला, तिनं अंगठा उठवला. "आजपास्नं मला आय नाय," म्हणून विठू निघून गेला.

काही महिन्यांनी सोनू सुटून आला आणि आपल्या जुन्या गोठ्यात राहू लागला. समोरून आला तरी ती त्याच्याशी बोलत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सोडा म्हटलं, मास्तर. माफ केलं म्हटलं नाय."

विठूला मी कितीतरी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. ती वारली तेव्हा तार केली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. सोनू पुढे झाला, त्याला भावकीनं हटकलं. अखेर दूरच्या एका पुतण्यानं अग्नी दिला.

त्या दिवशी अंगठा घेण्याआधी मी तिला एवढंच विचारायला हवं होतं : बाई, मुलगा जाईल, चालेल? तिला ते ठाऊक होतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे.