दिनकररावांचा घसा बसला तेव्हा

आमच्या हरणीच्या सोसायटीत दिनकरराव शिर्के राहतात. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे चौसष्ट सालची फियाट आहे. डोळ्यांमुळे त्यांचं गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा मुलाने बजावलं, "बाबा, दिवाळीपर्यंत कोणी चालवणारं शोधा. नाहीतर भंगारात."

म्हणून काका दर रविवारी आम्हा कॉलेजवाल्यांना गाडीत बसवायचे. पण किल्ली देण्याआधी भाषण! "हं, हा चोक. चोक म्हणजे काय? सांगतो. त्याच्याआधी कार्बोरेटर समजून घे..." ही नक्कल मी खाकरण्यासकट करते. कार्बोरेटर संपेपर्यंत ऐकणारा सेल्फी काढून, गुजरातीत "आवजो, काका" असा निरोप घेत सटकलेला असायचा.

गेल्या रविवारी काकांचा घसा पार बसला. आमच्यातली नुकतंच लायसन्स मिळालेली शलाका आली, तर त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली आणि शेजारी बसले. तिने गाडी तीनदा बंद पाडली. काकांचे ओठ हलत होते, आवाज फुटेना. शेवटी त्यांनी हाताचा पंजा सावकाश वर उचलून क्लच कसा सोडायचा ते दाखवलं. फियाट एक आचका देऊन निघाली ती थेट एअरपोर्टच्या रस्त्याला लागली.

परतल्यावर शलाका उतरेचना. "काका, उद्या परत आपशो ने? द्याल ना गाडी? मला रिव्हर्स शिकायचाय."

काकांनी जुडग्यातून घराच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि गाडीची तिच्या हातात ठेवली.

वर गॅलरीतून मुलगा ओरडला, "बाबा, मग भंगारवाल्याला ना पाडून देतो, येऊ नको म्हणून!"