चपलेची लाल माती

आमचे हे खोटं बोलतात, हे मला त्यांच्या चपलांनी सांगितलं.

यांची बायपास होऊन आठ महिने झाले होते. घरात हे दिवसभर हसतमुख, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण दर गुरुवारी सकाळी रंकाळ्यावर फिरायला म्हणून निघायचे ते थेट जेवायच्या वेळेला परतायचे. तेव्हा तोंडावर हसू नसायचं, नुसता शांत चेहरा. मला त्या शांतपणाचाच संशय आला. रंकाळ्यावर चालायला फरशी आहे, आणि यांच्या चपलेत तळवा टेकतो तिथे लाल माती!

लाल माती म्हटल्यावर कोल्हापूरच्या बाईला दुसरं काय सुचणार? तालीम. तरुणपणी हे कुस्त्या खेळायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि हे तर मरणाच्या दारातून ती खोड घेऊनच परत आलेले. छातीचं हाड तारेनं बांधलेलं आणि हे आखाड्यात उतरतात! तशीच तालमीच्या दारात जाऊन उभी राहिले. वस्ताद बाहेर आले.

"वहिनी, वर्ष झालं, हिकडं फिरकलं न्हाईत की!"

माझा विश्वास बसला नाही. पैलवान एकमेकांना सांभाळून घेतात. घरी येऊन चपलेतली माती बोटावर घेतली आणि हुंगली. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद असते. हिला नुसता मातीचा वास. म्हणजे वस्ताद खरं बोलत होते, आणि माझी काळजी दुप्पट झाली.

पुढच्या गुरुवारी डोक्यावरून पदर घेऊन मी यांच्या मागोमाग स्टँडवर गेले आणि यांच्याच एसटीत मागच्या बाकावर बसले. पन्हाळ्याच्या पायथ्याला हे उतरले, मीही उतरले. चपला हातात घेऊन हे पायवाटेनं चढायला लागले. कोण भेटायला येतंय ते मी झुडपाआडून बघत होते. कोणीच आलं नाही. हे इतके हळू चालत होते की मलाच राग आला. टाच टेकायची, मग बोटं, मग एक श्वास. वळण आलं की थांबायचं, डोळे मिटून छातीवर हात ठेवायचा.

तिसऱ्या वळणावर मला राहवलं नाही. "दुखतंय काय ओ?" मी ओरडलेच.

हे दचकले. मग म्हणाले, "न्हाय. भ्या वाटतंय."

"डॉक्टरला म्हाईत हाय हे?"

"त्येंनीच सांगितलंय. हळू चढा, दमलं की थांबा."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"घरात छातीला नुसता हात लावला तरी तुझं तोंड पांढरं पडतंय. मग मी हसतोय. आठ महिनं हसतोय बघ. हितं भ्यायला मोकळीक हाय. पायाखाली बघत चाललं की भ्या बी हळूहळू खाली बसतंय. त्येच्यावर आठवडा निघतोय."

मला रडू फुटलं. ज्या शांतपणावर मी संशय घेतला तो खरा होता, आणि ज्या हसण्यावर विसंबले ते खोटं.

मी चपला काढल्या. खडे टोचत होते. "टाच आधी," हे म्हणाले. एवढ्यानं काही होतं यावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. पण थोडं चढेपर्यंत माझी भीतीची धडधड निवली होती.

पुढच्या वळणावर हे थांबले. माझ्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला, माझ्यासमोर पहिल्यांदाच न हसता. मीही शेजारी थांबले आणि एक श्वास घेतला.