मामाची मुसळं आणि तुटका पाटा

मखमलाबादचा आमचा झेंडूवाला चिमाजी साठी उलटलेला, पण टेम्पोत बसला की विशीतला. दर दसऱ्याला टेम्पो धुऊन तो खालच्या पाट्यांनासुद्धा लाल ऑइलपेंट मारतो. पाटे म्हणजे चाकावरच्या त्या एकावर एक पोलादी पट्ट्या, गाडीचा सगळा भार सोसणाऱ्या. "अरे, तिथं कोण बघणार हाय?" मी विचारायचो. "गाडी बघते की!" तो म्हणायचा.

तर गेल्या वैशाखात त्याच्या भाचीची, भाग्यश्रीची, नाशिकरोडला हळद होती. आमच्यात घाण्याची मुसळं मामाच्या घरून जातात. दोन मुसळं एकत्र बांधून सवाष्णी हळकुंडं कुटतात, मगच नवरीला हळद लागते. घाणा बाराच्या आत भरायचा होता. पुढे चिमाजी आणि त्याची बायको नवसाबाई. मागे झेंडूच्या जाळ्यांत मी, मांडीवर मुसळं. नवसाबाईनं बजावलेलं, "भाऊजी, जमिनीला टेकू द्यायची नाय हां!"

वाटेत नाशिकच्या द्वारका चौकात, ना खड्डा ना काही, खालून आवाज आला, खाट्! टेम्पो एका कुशीवर. मी झेंडूत उताणा, पाय वर, पण मुसळं दोन्ही हातांत उंच धरलेली! भोवती रिक्षावाले जमले आणि पोट धरून हसले.

शेजारचा गॅरेजवाला संतोष खाली शिरला आणि पाट्याचा तुकडा घेऊन आला. "बाबा, ही चकाकणारी कड आत्ता तुटली. ही काळपट मात्र जुनी चीर. रोज दणके खाऊन केसाकेसानं वाढली. तुम्ही वर रंग मारत राहिलात, दिसणार कशी?"

"म्हणजे मी इतके दसरे चिरेला नटवत होतो?" चिमाजीचा चेहरा पडला.

"मी लुगडं मागितलं तर नाय," नवसाबाई कडाडली, "अन् चिरेला दरवर्षी नवा रंग!"

नवा पाटा संध्याकाळी मिळणार होता. साडेदहा वाजलेले. संतोष म्हणाला, "तुटल्या पाट्याच्या जागी चिवट लाकूड अडकवून दोरानं आवळलं, तर हळूहळू जाल."

सगळ्यांचे डोळे माझ्या हातांकडे.

"खबरदार!" नवसाबाई म्हणाली. मग तिनं घड्याळ बघितलं, मुसळांना हात जोडले. "जमिनीला नाय ना टेकणार?"

"नाय मावशी," संतोष म्हणाला, "उलट गाडीलाच वर धरतील!"

आणि काय सांगू, बैलगाडीच्या चालीनं डुलत डुलत निघालो. पावणेबाराला दारात! चिमाजीची बहीण सुलाबाई धावत आली. सगळं ऐकून म्हणाली, "दादा, मुसळं घेऊन रिक्षानं यायचं ना!"

द्वारकेला भोवती वीस रिक्षा उभ्या होत्या हो! वीस!

आता मुसळं निघेनात. भार पडून पक्की आवळलेली. शेवटी भाग्यश्रीच पिवळ्या साडीचा पदर खोचून आली, "सरका मामा," म्हणाली आणि जॅक फिरवायला बसली. बायका गाणी म्हणतायत, गाडी इंच इंच वर चढतेय, नवसाबाई खाली पदर पसरून आडवी! चिमाजीनं दोर कापला आणि धप्पकन दोन्ही मुसळं तिच्या पदरात. एकाला खोक पडलेली, दुसऱ्याला लाल रंग लागलेला, पण जमिनीला टेकलं एकही नाही.

बाराला पाच कमी असताना घाणा भरला. नवसाबाईनं ताज्या हळदीचं पहिलं बोट नवरीला लावलं आणि उरलेला सगळा पंजा चिमाजीच्या गालावर फासला.

"घ्या, तुम्हालापण रंगवते. चिरा दिसायला नकोत!"