रिकाम्या कोपऱ्यातला हात

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या पेजवरचे अनुभव मी वाचायचे ते हसायला. "बाई उभी होती, पाय उलटे होते..." अगं, मग पायांकडे बघत कशाला बसलीस, पळायचंस ना! आमचं घर बौद्ध. पप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. चाळीत कुणाच्या अंगात आलं की ते आम्हा दोघी बहिणींना मुद्दाम पुढे नेऊन बसवायचे. म्हणायचे, "नीट बघा आणि घरी येऊन सांगा, काय दिसलं ते." अशा घरात वाढलेली मी हे लिहितेय, म्हणून लाज वाटतेय. पण लिहिल्याशिवाय राहवत पण नाही.

आम्ही काळाचौकीला राहतो. मी आणि माझी मोठी बहीण सुजाता, म्हणजे ताई, एकाच संघातून कबड्डी खेळायचो. ताई लेफ्ट कॉर्नर, मी तिच्या शेजारी. ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिलीय त्यांच्यासाठी सांगते — समोरची रेडर चढाईला आली की शेजारशेजारच्या दोघी हात धरून उभ्या राहतात. माझा डावा हात कायम ताईच्या हातात. तिची करंगळी एका मॅचमध्ये मोडली आणि वाकडीच जुळली, ती माझ्या तळव्यात रुतायची. तिने अंगठ्याने एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की घे. मग ती हात सोडून घोटा धरायची आणि मी कंबर. एकदा धरलं की शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही, जीव गेला तरी. ही आमच्या कोचची, अण्णांची शिकवण, आणि ताईच्या ती हाडीमाशी भिनलेली.

ताई डेंग्यूने गेली. साधा ताप म्हणत म्हणत आयसीयूत नेली आणि संपलंच. आत कुणाला सोडत नव्हते. आई बाहेर बाकड्यावर, ताई आत एकटी. आई रडली कमी, पण एकच विचारत राहिली — "पोरगी घाबरली असेल का गं? हात धरायला पण कोण नव्हतं." डाळ धुताना विचारायची, कुणी भेटायला आलं तर त्यांच्यासमोर विचारायची. मी सांगायचे, "आई, ती बेशुद्ध होती, तिला काहीच कळलं नाही." खरं तर डॉक्टर असं काही बोललेच नव्हते.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात तो वंदनेचा कार्यक्रम अजून व्हायचा होता, आणि त्याच्या आदल्या रविवारी लालबागला आमची फायनल. मावशीने तोंड वाकडं केलंच. "बहिणीला जाऊन आठवडा नाही झाला आणि ही निघाली चड्डी घालून!" मी म्हटलं, "हो, आणि जिंकून पण येणार." तिच्यासमोर तोरा, आत सगळी बोंब. घरात बसवत नव्हतं एवढंच खरं. पप्पांनी माझे नीकॅप आणून हातात दिले.

दुपारची वेळ, शाळेचं मैदान, लख्ख ऊन. अंधारबिंधार काही नव्हता, हे मुद्दाम सांगते. मॅचआधी दोन मिनिटं शांतता पाळली. मग अण्णांनी ठरवल्याप्रमाणे ताईला मान द्यायचा होता. आम्ही सहाच जणी उभ्या राहणार, लेफ्ट कॉर्नर रिकामा. समोरच्या संघाची मेन रेडर फ्लॅव्हिया चढाईला येणार, कोपऱ्यातल्या मॅटला हात लावणार आणि परत जाणार. गुण नाही. शिट्टी पण नाही, कारण हा खेळ नाही, मान आहे, असं अण्णा म्हणाले. पंचही हो म्हणाले. फ्लॅव्हिया दादरची. मॅटवर तिचं आणि ताईचं हाडवैर, बाहेर मात्र दोघी एका ग्लासातला उसाचा रस प्यायच्या. ती आधीच रडत होती.

"कबड्डी कबड्डी" म्हणत ती हळूहळू आत आली. मी सवयीने डावा हात बाजूला केला...

आणि कुणीतरी तो धरला.

वारा नाही, भास नाही. घामाने ओला, गार हात. तळव्यात वाकडी करंगळी रुतली. मी मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही हो! फ्लॅव्हियाने वाकून कोपऱ्यात हात टेकला आणि परत फिरली. माझ्या हातावर अंगठा दाबला गेला. एकदा. मग परत. आणि हात सुटला.

फ्लॅव्हिया तोंडावर आपटली. पाय अडकला असेल म्हणून कुणीतरी हसलं. ती मध्यरेषेकडे सरपटायला लागली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे ओढली गेली, कोपऱ्याकडे. "पाय सोड! कोण आहे? सोड ना गं!" ती किंचाळत होती. मी धावले. तिच्या उजव्या घोट्यापाशी मोजा चुरगळला होता आणि वरचं मांस बोटांच्या आकारात आत दबलं होतं. धरणारं कुणी नव्हतं. मी ओरडले, "ताई, सोड! ताई, लागतंय तिला!" तशी बोटं अजून आत रुतली. फ्लॅव्हियाचे ओठ पांढरे पडले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं — ती कशी सोडेल? शिट्टी कुठे वाजलीय? "शिट्टी मारा!" मी पंचांवर ओरडले. ते नुसते बघत उभे. मी त्यांच्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट खेचली आणि जीव खाऊन फुंकली.

मांस वर आलं. पाय मोकळा झाला. फ्लॅव्हिया रेषेपलीकडे गेली आणि भडाभडा ओकली. लोक म्हणाले, क्रॅम्प आला. अण्णा तिथेच मॅटच्या कडेला खाली बसले. त्यानंतर आम्ही मॅच खेळलो. हो, खेळलो! तुम्हाला विचित्र वाटेल, पण मॅट सोडून घरी जायची मला जास्त भीती वाटत होती. कोपऱ्यात नवीन मुलगी उभी राहिली. तिचा हात धरताना प्रत्येक वेळी मी आधी तिची करंगळी चाचपायचे. जिंकलो, पण कुणी नाचलं नाही.

घरी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी सवयीने विचारलं, "नीट बघितलंस? काय दिसलं?" मी म्हटलं, "पप्पा, दिसलं काहीच नाही." पुढे त्यांनी हा विषय काढला नाही.

पुण्यानुमोदनाला फ्लॅव्हिया आली, लंगडत. वंदना झाली, तिने ताईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. मग मला बाहेर गॅलरीत घेऊन गेली. घोट्यावर काळेनिळे वळ होतेच. मी म्हटलं, "सॉरी गं. तिने तुला इतकं..."

"वेडी आहेस का," ती म्हणाली. "सुजाताची पकड मला माहीत नाही काय? कितीदा खाल्लीय. ती अशी नसायची. ती खाली खेचते, पाडते. ही पकड वेगळीच होती... दोन्ही हातांनी, घट्ट. पुरात माणूस खांब धरतो ना, तशी. आणि हात लटलट कापत होते गं. मला पाडायचं नव्हतं तिला. ती घाबरली होती. मला सांग, तू शिट्टी मारलीस, मग ती कुठे गेली?"

कुणी म्हणतं मास हिस्टेरिया, कुणी म्हणतं धक्का बसला होता. म्हणोत. घोट्यावरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

आईला चाळीतल्या कुणाकडून तरी कळलंच. ती अजिबात घाबरली नाही. उलट चेहरा उजळला तिचा. मला जवळ बसवून विचारलं, "हात धरलान ना तुझा? कशी होती गं? घाबरलेली नव्हती ना?"

मी म्हटलं, "नाही आई. नेहमीसारखीच होती." त्या रात्री आई पहिल्यांदा पोटभर जेवली. तेव्हापासून तिने तो प्रश्न विचारलेला नाही. आता तो मीच एकटी विचारत असते.