झोपलेला संगणक

नातवंडांनो, मी सकाळी वाचनालयाची पुस्तकयादी संगणकावर उतरवते. आज चहा घेऊन परतले तर पडदा काळा. सकाळभराचं काम गेलं, या भीतीनं मी ग्रंथपाल बाईंना हाक मारली.

"वीज गेली का हो?"

"पंखा फिरतोय की, आजी," ग्रंथपाल बाई हसल्या. "तो झोपलाय. वीज वाचवायला कालच तसं करून घेतलं. कळ दाबा."

दाबली. अर्धवट टाइप केलेलं नाव जिथल्या तिथे होतं. विझणं म्हणजे विसरणं नव्हे, हे मला या वयात एका यंत्रानं दाखवलं. तुमचा फोन ठेवल्यावर मीही अशीच गप्प बसते, तुमचं अर्धं राहिलेलं वाक्य जपत.